नॉर्थम्प्टनशायरचे एकमेव मराठी तज्ज्ञ

इंग्लंडातल्या नॉर्थम्प्टनशायर नावाच्या काउंटीतल्या बुटांच्या आणि कपड्यांच्या धंद्याचा इतिहास, या विषयावर मराठीत ग्रंथ लिहिणारा जगात एकच माणूस होता. त्याचं नाव शिरीष देवस्थळी. तो ग्रंथ वाचणाराही सध्या तोच होता.

पुण्याच्या एका कॉलेजात तो इतिहास शिकवायचा. एम.फिल.च्या वेळी जो विषय कुणालाच नको होता तो गाइडनं याच्या गळ्यात मारला, आणि गळ्यात पडलेल्या गोष्टीवर प्रेम करायची शिरीषला पहिल्यापासून सवय होती. पुढे त्याच्या बायकोला, योगिनीला, नेदरलँड्समधल्या द हेग शहरात एका आंतरराष्ट्रीय संस्थेत नोकरी लागली आणि शिरीष डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे बायकोवर अवलंबून असलेला म्हणून, शेजारच्या फोरबर्गला येऊन पोचला. ‘डिपेंडंट’ हा शब्द त्यानं सुरुवातीला मनाला लावून घेतला. मग आपण आता पूर्ण वेळ ग्रंथलेखन करणार, असं जाहीर केल्यावर त्याला बरं वाटलं. योगिनीलाही बरं वाटलं, कारण पूर्ण वेळ ग्रंथलेखन करणारा माणूस कुकरही लावू शकतो.

एक बारीकशी अडचण होती. शिरीषनं नॉर्थम्प्टनशायर कधी पाहिलं नव्हतं. जवळच्या हुक ऑफ हॉलंड बंदरातून रात्री निघालेली बोट सकाळी इंग्लंडला लागते, हे त्याला ठाऊक होतं. दर उन्हाळ्यात जायचं ठरायचं आणि दर उन्हाळ्यात व्हिसाची कागदपत्रं गोळा करता करता उन्हाळाच संपायचा. शिवाय त्यानं आयुष्यात कधी बुटाला एक टाकाही घातला नव्हता. शर्टाचं बटण तुटलं तर तो शर्ट बदलायचा. पण म्हणून काय झालं? युद्धाचा इतिहास लिहिणारे कुठे लढाईला जातात, असं तो स्वतःला सांगायचा.

फोरबर्गच्या लायब्ररीत दर बुधवारी डच बोलायचा सराव करायला लोक जमत. तिथे विम नावाचा एक निवृत्त शाळामास्तर यायचा. साडेसहा फूट उंच, कायम हसतमुख. नवख्या लोकांना बोलतं करणं हा त्याचा छंद होता. एका बुधवारी त्यानं शिरीषला विचारलं, “तुम्ही काय करता?”

उत्तर शिरीषनं पाठ करून ठेवलं होतं. ‘मी बूट बनवण्याच्या इतिहासावर काम करतो.’ पण इतिहासाला डचमध्ये ‘खेस्खीडनिस’ म्हणतात. त्यातले दोन्ही ख घशाच्या तळातून, विहीर खरवडल्यासारखे काढावे लागतात. शिरीषला सर्दी झाली होती. पहिला ख निघाला तेव्हा समोरच्या पोलिश बाईनं त्याला पाण्याचा ग्लास दिला. मग त्यानं तो शब्दच गाळला. एका शब्दानं काय बिघडतंय, असा सोयीस्कर विचार करून म्हणाला, “मी बूट बनवण्याचं काम करतो.”

विमचे डोळे चमकले. “खरंच? मग शनिवारी आमच्या बूर्टहाउसमध्ये या ना! लोकांना फार हवं आहे.”

बूर्टहाउस म्हणजे वस्तीचं समाजमंदिर. शिरीषला भरून आलं. लोकांना फार हवं आहे! पुण्यात इतकी वर्षं शिकवलं, पण असं कुणी म्हणालं नव्हतं.

पुढचे तीन दिवस तो स्लाइड्स करत बसला. घरोघरी बुटांचा वरचा भाग शिवणाऱ्या बायका, सोमवारी काम न करण्याचा हक्क सांगणारे कारागीर, मशीन आल्यावर झालेला संप, केटरिंगचे कपड्यांचे आणि कॉर्सेटचे कारखाने, मद्रासेहून तिकडे जाणारी कातडी, काही म्हणता काही सोडलं नाही.

“मी येत नाही,” योगिनी म्हणाली. “ते व्याख्यान मी पोळ्या करताना दोनदा ऐकलंय. शिवाय ते देताना तू एक पोळीही लाटत नाहीस.”

मग त्यानं प्रणिताला बोलावलं. प्रणिता शेजारच्या लायडस्खेनडामला राहायची आणि एका प्रयोगशाळेत संशोधक होती. मराठी मंडळींच्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात त्यांची ओळख झाली होती. ती त्याला ‘सर’ म्हणायची, त्यामुळे ती त्याला फार आवडायची. तिचं डचही उत्तम होतं, श्रोत्यांनी प्रश्न विचारले तर उपयोगी पडलं असतं.

शनिवारी शिरीष जॅकेट घालून, लॅपटॉप छातीशी धरून बूर्टहाउसमध्ये शिरला. हॉलमध्ये कॉफीचा वास दरवळत होता. एका टेबलावर कुणीतरी टोस्टर उघडून बसलं होतं. दुसरीकडे कॉरी नावाच्या सत्तरीच्या बाई शिलाई मशीनवर पडद्याला टीप मारत होत्या. आधीचा कार्यक्रम लांबलेला दिसतोय, शिरीषच्या मनात आलं. तिसऱ्या टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती: ‘स्खूनमाकर शिरीष’. स्खूनमाकर म्हणजे बूट बनवणारा. विषय आणि वक्ता एकाच ओळीत लिहिलाय, डच माणूस काटकसरी, असं त्यानं मानून घेतलं.

टेबलापुढे पाच-सहा जणांची रांग होती आणि प्रत्येकाच्या हातात पिशवी. पिशव्यांतून बूट डोकावत होते.

“बघ प्रणिता,” शिरीष हळूच म्हणाला, “किती जिज्ञासू लोक! उदाहरणं घेऊन आलेत.”

प्रणितानं रांगेकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, मग शिरीषकडे पाहिलं. “सर,” ती म्हणाली, “मला वाटतं...”

पण शिरीष तोवर विमपाशी पोचला होता. “प्रोजेक्टर कुठे आहे?” त्यानं विचारलं. विमनं समजूतदारपणे मान डोलावली आणि एक टेबललॅम्प आणून त्याच्यापुढे लावला. “आता नीट दिसेल,” तो म्हणाला आणि कॉफी करायला आत निघून गेला.

रांगेतले पहिले आजोबा पुढे आले. त्यांनी पिशवीतून चिखलानं माखलेला चालायचा बूट काढला, लॅपटॉपवर ठेवला आणि विचारलं, “कधी मिळेल?”

टेबलावर डिंकाची ट्यूब, जाड सुया, दोऱ्याची रिळं आणि एक पातळ धारदार सुरी व्यवस्थित मांडून ठेवलेली होती. शिरीषनं ते सगळं पाहिलं आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. हा प्रकाश विमच्या दिव्यापेक्षा जास्त होता. ही मंडळी दर महिन्याला जमून एकमेकांच्या मोडक्या वस्तू दुरुस्त करत होती, आणि त्यांना बरेच दिवस एक चांभार हवा होता.

त्याचे कान तापले. आपले कान लाल झालेत हे त्याला आरशाशिवाय कळलं.

“प्रणिता,” तो घाईनं मराठीत म्हणाला, “यांना जरा सांग ना मी कोण आहे ते. प्राध्यापक आहे म्हणावं.”

“सांगते,” प्रणिता म्हणाली. ती रांगेकडे वळून डचमध्ये बराच वेळ बोलली. लोकांनी गंभीरपणे माना हलवल्या. आजोबांनी तर शिरीषच्या खांद्यावर थोपटलं. पण रांग काही हलली नाही.

आता वास्तविक शिरीषनं सरळ इंग्रजीत खुलासा करायला हवा होता. पण सगळे इतक्या आशेनं बघत होते, आणि कुणी आशेनं बघितलं की आपल्याला ते काम येतं असं वाटू लागणं, हा त्याचा जुना आजार होता. शिवाय बुटाच्या प्रत्येक भागाचं नाव त्याला पाठ होतं. नाव माहीत असलेल्या माणसाशी बोलायला कितीसं अवघड असतं?

त्यानं जॅकेट काढलं आणि बसला.

आजोबांच्या बुटाचा सोल पुढून सुटला होता. शिरीषनं त्यात डिंक भरला. थोडा सोलला लागला, थोडा टेबलाला, बराचसा त्याच्या बाहीला. दाबून धरल्यावर सोल चिकटला. बाहीही चिकटली, पण ती ओढल्यावर निघाली. आजोबा बूट घालून चार पावलं चालले आणि अंगठा उंचावून कॉफीकडे वळले. पुढच्या बाईंच्या बुटाची टाच त्यानं बसवली. तिसऱ्याच्या सँडलचा पट्टा शिवताना सुई दोनदा बोटात गेली, तेव्हा कॉरीनं शेजारून न बोलता बोटावर चढवायची टोपी त्याच्याकडे सरकवली. ती कुठल्या बोटावर चढवायची हे विचारायला त्याला लाज वाटली, म्हणून त्यानं ती अंगठ्यावर घातली. कॉरीनं मान फिरवली आणि तिचे खांदे हलताना दिसले.

हळूहळू शिरीषला चेव चढला. दाबून धरताना तो इंग्रजीत नॉर्थम्प्टनशायरच्या गोष्टी सांगू लागला. लोक ऐकतही होते, कारण त्यांचे बूट त्याच्या हातात होते आणि ते सोडून कुठे जाणार? असा श्रोतृवर्ग त्याला कधीच मिळाला नव्हता. सोमवारच्या सुट्टीची गोष्ट तर टोस्टरवाल्यालाही आवडली. आपण उगाच कॉलेजात वर्षं घालवली, शिरीषला वाटून गेलं, आपल्या हातातच कसब आहे.

रांग संपली तेव्हा विम आतून आला. त्याच्या हातात कापडात गुंडाळलेली तपकिरी बुटांची जोडी होती.

“हे माझ्या लग्नातले,” तो म्हणाला. “लग्नाआधी बोटीनं इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा घेतले. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे, त्यात हेच घालायचेत. पुढे एक दोरा सुटलाय, एवढंच.”

शिरीषनं बुटाच्या आत पाहिलं. पुसट सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: नॉर्थम्प्टन.

ज्या गावाबद्दल तो इतकी पानं लिहीत होता त्या गावाची एखादी वस्तू तो आज पहिल्यांदा हातात घेत होता. कातडं मऊ आणि जड होतं. त्याला वाटलं, हा बूट आपल्याकडेच यायला निघाला होता.

शहाण्या माणसानं तो दोरा आत खोचून दिला असता आणि हात जोडले असते. शिरीषनं व्याख्यान सुरू केलं. “हा दोरा सोल आणि वरचं कातडं यांच्या मधल्या पट्टीत असतो,” तो म्हणाला, “हे या बुटांचं वैशिष्ट्य. हा जुना दोरा कापून पूर्ण नवी टीप घालायला हवी.” त्यानं ती पातळ सुरी उचलली, पट्टीखाली घातली आणि आतल्या रचनेबद्दल सांगता सांगता विमकडे मान वर करून पाहिलं.

कर्रर्र असा आवाज झाला.

सुरी पट्टी कापत सरळ बाजूनं मध्यापर्यंत गेली होती. बुटानं मगरीसारखा जबडा उघडला.

विमनं खिशातून चष्मा काढला, घातला, बूट दिव्याखाली धरून पाहिला.

“तुम्ही स्खूनमाकर नाही,” तो म्हणाला. त्यात राग नव्हता. बाहेर पाऊस पडतोय, असं सांगावं तसं तो सांगत होता.

“नाही,” शिरीष म्हणाला.

“मग कोण?”

आता तो शब्द टाळून चालणार नव्हतं. शिरीषनं दीर्घ श्वास घेतला आणि घशाच्या तळातून, दोन्ही ख शाबूत ठेवून, डचमध्ये म्हणाला, “मी खेस्खीडनिस आहे!”

उच्चार इतका शुद्ध आला की त्याला स्वतःचा अभिमान वाटला. पण सगळा हॉल हसू लागला. कॉरीनं तर मशीन थांबवून डोळे पुसले. प्रणिता त्याच्या कानाशी म्हणाली, “सर, इतिहासकाराला ‘हिस्टोरिकस’ म्हणतात. सोपा शब्द आहे. तुम्ही आत्ता म्हणालात, मी इतिहासजमा झालो.”

विम बुटाकडे बघत हसत होता. “माझ्या बायकोनं हे पाहिलं,” तो म्हणाला, “तर आपण दोघंही.”

“मला वाटलं तुम्हाला माहीत आहे,” पहिले आजोबा कॉफी पीत विमला म्हणाले. “या मुलीनं आम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. म्हणाली, हे आयुष्यात पहिल्यांदाच करतायत, सांभाळून घ्या.”

परतताना शिरीष आणि प्रणिता व्लीट कालव्याच्या कडेनं सायकली हातात धरून चालत होते. विमचे बूट शिरीषच्या सायकलच्या पिशवीत होते. दुरुस्त करून आणतो, असं त्यानं कबूल केलं होतं. विमनं आधी ‘कोणाकडून?’ असं विचारून खात्री करून घेतली होती.

“तू त्यांना मी प्राध्यापक आहे असं का नाही सांगितलंस?” शिरीषनं कुरकुर केली. “निदान अब्रू तरी राहिली असती. लोकांच्या पण नसत्या चांभार...”

तो मध्येच थांबला. ‘चौकशा’ हा उरलेला शब्द त्याच्या तोंडात तसाच राहिला.

प्रणितानं तो शब्द पडायची वाट पाहिली नाही. “सर, एक विचारू? तुमच्या ग्रंथात कारागिरांच्या प्रतिष्ठेवर एक आख्खं प्रकरण आहे ना? मला पाठवलं होतंत.”

“आहे की.”

“मग आज कुणी तुम्हाला त्यांच्यातलं समजलं तर कान का लाल झाले?”

शिरीषनं उत्तर शोधलं. दिवा, डिंक, गैरसमज, सर्दी, बरीच उत्तरं समोर आली. एकही धड नव्हतं.

“माझ्या पणजोबांनी मेलेली ढोरं ओढायला नकार दिला,” प्रणिता म्हणाली, “आणि त्यापायी अकोल्याकडचं आपलं गाव सोडलं. आमच्याकडे कातडं या शब्दात कुणाला काव्य दिसत नाही. तुमचं प्रकरण वाचताना मला वाटत होतं, हे सगळे कारागीर काम करताना गाणी म्हणतायत. कुणाच्याच हाताला वास येत नाही.” मग ती हसली. “पण आज तुमच्या हाताला येतोय. डिंकाचा.”

ती हे दुखवायला बोलत नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. “मी गाढव आहे,” शिरीष शेवटी म्हणाला.

“गाढव नाही हो,” ती म्हणाली. “गाढवाला आपण काय वाहतोय ते माहीत नसतं. तुम्हाला आता कळलंय.”

घरी योगिनीला त्यानं सगळं सांगितलं. मगरीच्या जबड्यापाशी ती सोफ्यावर आडवी झाली, ‘मी इतिहासजमा झालो’ इथे तिला ठसका लागला. प्रणिताच्या प्रश्नापाशी मात्र ती हसायची थांबली.

“आणि मी काय केलं असतं?” ती थोड्या वेळानं म्हणाली. “ऑफिसात कुणी विचारलं असतं, तुझा नवरा चांभार आहे का, तर?”

दोघांनाही त्याचं उत्तर माहीत होतं. योगिनीनं चहा टाकला.

सोमवारी शिरीष बूट मांडीवर घेऊन ट्रामनं द हेगला गेला आणि एका दुरुस्तीच्या दुकानात त्यानं ते काउंटरवर ठेवले. दुकानदारानं जबडा उघडून पाहिला आणि कळवळून विचारलं, “कुणी केलं हे?”

“कुणीतरी प्राध्यापक होता म्हणे,” शिरीष म्हणाला.

बूट नीट झाले. विम ते घालून मुलीच्या लग्नात नाचला, आणि नाचतानाचा फोटो त्यानं शिरीषला पाठवला. फोटोत फक्त पाय होते.

बूट दुकानात दिले त्याच आठवड्यात शिरीषनं ते प्रतिष्ठेचं प्रकरण पुन्हा वाचायला घेतलं. ‘दारिद्र्यातही त्या हातांना निर्मितीचा आनंद होता’ असं एक वाक्य भेटलं. ते लिहिताना आपण बाल्कनीत बसून फिल्टर कॉफी पीत होतो, हेही त्याला लख्ख आठवलं. त्यानं वाक्य खोडलं. मग पुढचं खोडलं. दुपारपर्यंत प्रकरणात बायका राहिल्या, त्यांच्या खोल्यांतली ओल राहिली, कामाला बसवलेली लहान पोरं राहिली. आनंद बहुतेक ठिकाणाहून गेला. प्रकरण फार बारीक झालं, आणि आता कुठे ते आपल्याला खरंच वाचावंसं वाटतंय असं त्याच्या लक्षात आलं.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा बूर्टहाउसला गेला. कशाला, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. विमनं सुरी उचलून कपाटात ठेवली, कपाटाला किल्ली लावली आणि मग त्याला मिठी मारली. “डचमध्ये एक म्हण आहे,” तो म्हणाला. “बूट बनवणाऱ्यानं आपल्या साच्यापाशीच थांबावं, भलतीकडे हात घालू नये. पण तुमच्याकडे तर साचाच नाही. तेव्हा कॉरीपाशी बसा.”

कॉरीनं त्याला टोपी कुठल्या बोटावर घालायची ते दाखवलं. दोऱ्याला मेण का लावायचं, गाठ कुठे लपवायची, जाड कापडात सुई तिरकी का घालायची नाही, हे तिनं त्याला हळूहळू शिकवलं. शिरीष मंद विद्यार्थी निघाला. आपल्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांना आपण काय काय बोललो, ते त्याला शिवताना आठवे. उन्हाळा येईतो तो पिशव्यांचे बंद, पट्टे आणि सँडल बरे शिवू लागला. त्याच्या टाक्यांना कुणी सुंदर म्हणालं नाही, पण ते सुटतही नव्हते.

एका रविवारी पुण्याहून आईचा फोन आला. “ग्रंथ कुठवर आला?” तिनं नेहमीप्रमाणे विचारलं.

“चाललाय,” शिरीष म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, “आई, मी हल्ली शनिवारी चपला-बूट दुरुस्त करतो.”

“कुणाचे?”

“लोकांचे.”

लाइन तुटली का, म्हणून त्यानं फोन कानापासून काढून पाहिला. तुटली नव्हती.

“हातमोजे घालून ना?” आईनं विचारलं.

“नाही गं. हातमोजे घातले की सुई कळत नाही.”

आता ती काय म्हणेल ते शिरीषला माहीत होतं. काही महिन्यांपूर्वी तो स्वतःही तेच म्हणाला असता.

“बरं,” आई शेवटी म्हणाली. तिचा आवाज अजून घुटमळत होता. “सुई लागली तर हळद लाव. आणि हे तुझ्या मामाला इतक्यात सांगू नकोस, मी सांगीन.”

फोन ठेवल्यावर योगिनीनं नजरेनंच विचारलं.

“मामाला तीच सांगणार आहे,” शिरीष म्हणाला.

“म्हणजे दिवाळीपर्यंत कुणालाच कळणार नाही,” योगिनी म्हणाली आणि तिनं ऑफिसच्या बॅगेचा तुटलेला पट्टा त्याच्यापुढे टाकला. शिरीषनं चष्मा लावला आणि दोऱ्याला मेण लावायला घेतलं.